टिंबामागचा छेद ओळखा: दशांशाचा अपूर्णांक आणि अपूर्णांकाचा दशांश

काकांच्या ओसरीवर एका संध्याकाळी शेताचा हिशेब चालला होता. एक तुकडा एक एकर तीस गुंठ्यांचा, दुसरा एक एकर पंचवीस गुंठ्यांचा. बारावीतल्या पुतण्यानं मोबाइल काढला, १.३० मध्ये १.२५ मिळवले आणि सांगून टाकलं, "दोन पॉइंट पंचावन्न एकर." काका चौथी शिकलेले. त्यांनी बोटांवर मोजलं. तीस नि पंचवीस पंचावन्न गुंठे, त्यातल्या चाळिसाचा झाला एक एकर, उरले पंधरा. "तीन एकर पंधरा गुंठे." पुतण्यानं मोबाइलवर पुन्हा बेरीज केली, पुन्हा तेच उत्तर आलं. बेरीज तर बरोबरच होती.

दोघांच्या उत्तरांत तेहेतीस गुंठ्यांचा फरक होता, म्हणजे पाऊण एकराहूनही जास्त. मोबाइलनं १.३० मधले तीस हे 'शंभरातले तीस' म्हणून वाचले. काकांच्या डोक्यात मात्र ते 'चाळिसातले तीस' होते. आकडे तेच, टिंबही तेच, फक्त टिंबामागचा छेद वेगळा.

मी अमळनेर तालुक्यात पाचवी ते आठवीच्या मुलांचे संध्याकाळचे गणिताचे वर्ग घेतो. एकदा पाचवीतल्या एका मुलीनं वहीवर बोट ठेवून विचारलं होतं, "सर, हाई टिंब म्हंजे काय शे?" त्या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात सरळ उत्तर असं: दशांश हा अपूर्णांकच असतो, फक्त त्याचा छेद लिहिलेला नसतो, तो टिंब पाहून ओळखायचा असतो. हे एकदा नीट बसलं की दशांशाचा अपूर्णांक आणि अपूर्णांकाचा दशांश ही दोन्ही कामं नियम पाठ न करता होतात.

दशांशाचा अपूर्णांक करताना

टिंबाच्या उजवीकडचं पहिलं घर दशांशाचं, दुसरं शतांशाचं, तिसरं सहस्रांशाचं. म्हणून टिंबानंतर एक अंक असेल तर छेद १०, दोन असतील तर १००, तीन असतील तर १०००.

बाजारातून भरिताची वांगी आणली. इलेक्ट्रॉनिक काट्यावर आकडा दिसला १.३७५ किलो. याचा अपूर्णांक करू.

पहिल्यांदा डावीकडचा १ बाजूला ठेवा, तो पूर्ण किलो आहे, त्याला हात लावायचा नाही. आता टिंबानंतरचे अंक मोजा. ३, ७, ५ असे तीन अंक आहेत, म्हणून छेद १०००. टिंब काढून ३७५ वर लिहा: ३७५/१०००. आता संक्षिप्त रूप द्या. दोन्हीला ५ नं भागलं की ७५/२००, पुन्हा ५ नं १५/४०, पुन्हा ५ नं ३/८. उत्तर १ ३/८ किलो. बाजारच्या बोलीत सव्वा किलो आणि वर अदपाव.

मुलं अडखळतात ती शेवटच्या पायरीवर. मसावि काढायचा म्हणून २, ३, ५, ७ सगळ्यांनी भागून बघतात, दमतात आणि अर्ध्यावर सोडतात. इतकं करायची गरज नाही. छेद १०, १०० किंवा १००० आहे आणि १० म्हणजे २ गुणिले ५. त्या छेदात २ आणि ५ सोडून दुसरा मूळ अवयव येऊच शकत नाही. म्हणून फक्त दोनच प्रश्न विचारायचे: वरची संख्या सम आहे का, आणि तिच्या शेवटी ० किंवा ५ आहे का? दोन्हींची उत्तरं 'नाही' आली की थांबा, अपूर्णांक अतिसंक्षिप्त झाला. ०.२७ चं २७/१०० होतं. २७ ला ३ नं भाग जातो, पण शंभराला जात नाही. तिथे वेळ घालवायचा नाही.

शून्यांकडे जरा थांबून बघायला हवं. २.०४ मध्ये टिंबानंतर दोन घरं आहेत, म्हणून २ ४/१००, म्हणजे २ १/२५. पुष्कळ मुलं मधलं शून्य गिळतात आणि २ ४/१० लिहितात, म्हणजे दहापट चूक. याउलट शेवटच्या शून्यानं किंमत बदलत नाही: ०.५, ०.५० आणि ०.५०० तिन्ही अर्धाच. काटा १.७५० दाखवतो आणि गिऱ्हाईक 'पावणेदोन' म्हणतं, दोघंही एकच सांगत असतात.

घरातले अपूर्णांक आधीच पाठ आहेत

दुसऱ्या दिशेला वळण्याआधी एक सांगावंसं वाटतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपण दिवसभर वापरतो. आधीच्या पिढीनं तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ केले. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. शाळेत दशांश शिकवताना ही शिदोरी बाजूला ठेवली जाते आणि मुलाला वाटतं की आपण काहीतरी परकं शिकतोय. माझ्या वर्गात सुरुवातच इथून होते: पाव ०.२५, अर्धा ०.५, पाऊण ०.७५, सव्वा १.२५, दीड १.५, पावणेदोन १.७५, अडीच २.५. पावाचा अर्धा अदपाव, ०.१२५. त्याचाही अर्धा केला की ०.०६२५, म्हणजे रुपयातला एक आणा.

आणा हिशेबातून गेला १ एप्रिल १९५७ ला, जेव्हा रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. एक आणा म्हणजे १/१६ रुपया, सव्वासहा नवे पैसे. चार आण्यांचे पंचवीस पैसे चोख होतात, एका आण्याचे होत नाहीत. पण आणा भाषेत राहिला. पाऊस चांगला झाला की 'यंदा सोळा आणे पीक' म्हणतात. कोणी 'बारा आणे पीक' म्हटलं तर तो १२/१६, म्हणजे ३/४, म्हणजे ०.७५ बोलतोय. मुलाला हे सांगितलं की त्याला कळतं, आजोबा टक्केवारीतच बोलत होते.

अपूर्णांकाचा दशांश करताना

दोन वाटा आहेत. छेद सहज १०, १०० किंवा १००० करता येत असेल तर तसं करा. ७/२० मध्ये वर-खाली ५ नं गुणलं की ३५/१००, म्हणून ०.३५. ३/२५ ला ४ नं गुणा: १२/१००, ०.१२. ५/८ ला १२५ नं गुणा: ६२५/१०००, ०.६२५. पंचवीस चोक शंभर आणि एकशे पंचवीस आठी हजार ही दोन वाक्यं तोंडी असली की यातली बरीच कामं कागदाविना होतात.

दुसरी वाट भागाकाराची. ती कायम चालते. ३/१६ घ्या, म्हणजे तीन आणे. ३ ला १६ नं भाग जात नाही, म्हणून उत्तरात ० लिहा, टिंब द्या आणि ३ वर शून्य घ्या.

३० मध्ये १६ एकदा, बाकी १४.
१४० मध्ये ८ वेळा (१२८), बाकी १२.
१२० मध्ये ७ वेळा (११२), बाकी ८.
८० मध्ये ५ वेळा, बाकी ०.

उत्तर ०.१८७५. तीन आणे म्हणजे पावणेएकोणीस पैसे.

इथे एक चूक मी वहीत वारंवार पाहतो. शून्य घेतल्यावरही भाग जात नसेल तर उत्तरात शून्य लिहायचं राहून जातं. १/४० करताना १० मध्ये ४० जात नाहीत, म्हणून टिंबानंतर आधी ०. मग १०० मध्ये दोनदा, बाकी २०. मग २०० मध्ये पाच वेळा. उत्तर ०.०२५. मधलं शून्य विसरलं की ०.२५ होतं आणि एका गुंठ्याचा पाव एकर होऊन बसतो. म्हणून प्रत्येक वेळी घेतलेल्या शून्यामागे उत्तरात एक अंक आलाच पाहिजे, मग तो ० का असेना.

भागाकार संपणार की नाही, हे आधीच कळतं

मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. अपूर्णांक अतिसंक्षिप्त करा आणि छेदाचे मूळ अवयव पाडा. छेदात फक्त २ आणि ५ असतील तर भागाकार संपतो. पुस्तकात त्याला खंडित दशांश म्हणतात. ३, ७, ११ असा दुसरा कुठलाही अवयव राहिला तर तो कधीच संपत नाही, अंकांचा एक गट पुन्हा पुन्हा येत राहतो. तो अखंड आवर्ती दशांश.

किती अंकांत संपेल हेही सांगता येतं. छेदात २ किती वेळा आणि ५ किती वेळा ते मोजा. यातली मोठी संख्या म्हणजे टिंबानंतरचे अंक. १६ मध्ये २ चार वेळा आहे, म्हणून ३/१६ चे चार अंक आले. ४० म्हणजे २ × २ × २ × ५, म्हणून एकरातला कुठलाही गुंठा तीन अंकांच्या आत संपतो.

आधी संक्षिप्त करायचं विसरू नका. ९/१२ मध्ये छेदात ३ दिसतो, म्हणून 'संपणार नाही' म्हणाल तर फसाल; ते ३/४ आहे, ०.७५. नऊ इंच म्हणजे पाऊण फूट हे गवंड्याला माहीत असतं. चार इंच मात्र ४/१२, म्हणजे १/३ फूट, आणि ते ०.३३३... असं चालतच राहतं.

का चालत राहतं? बाकी बघा. ४१ नं भागताना बाकी १ ते ४० यांपैकीच काहीतरी असणार. शून्य कधी आली नाही, तर कधी ना कधी आधी येऊन गेलेली बाकी परत येणार, आणि ती आली की पुढचं सगळं जसंच्या तसं पुन्हा सुरू होणार. ४१ हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. भुसावळजवळ तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात 'इतके दरवाजे उघडले' ही बातमी जळगाव जिल्ह्यात घरोघरी वाचली जाते. एक दरवाजा म्हणजे एकूण दरवाज्यांचा कितवा भाग? १ ला ४१ नं भागा. बाक्या ओळीनं येतात १०, १८, १६, ३७ आणि मग परत १. म्हणून उत्तर ०.०२४३९ ०२४३९ ०२४३९... पाच अंकांचं चक्र. दहा दरवाजे उघडले तर १०/४१, ०.२४३९० २४३९०... तेच अंक, फक्त चक्र एक घर पुढे सरकलेलं. मुलांना हे स्वतः करू द्या. फळ्यावर बाकी १ परत आली की वर्गात एकदम गलका होतो.

आवर्ती दशांशाचा अपूर्णांक

इथे 'अंक मोजा आणि १०, १००, १००० छेद धरा' चालत नाही, कारण अंकच संपत नाहीत. युक्ती अशी की चक्र वजाबाकीनं उडवायचं.

०.२७२७२७... घ्या. त्याला क्ष म्हणा. चक्र दोन अंकांचं, म्हणून शंभरानं गुणा: १०० क्ष = २७.२७२७... आता त्यातून क्ष वजा करा. टिंबानंतरची शेपटी दोन्हीकडे सारखीच, ती उडाली. ९९ क्ष = २७, म्हणून क्ष = २७/९९ = ३/११. चक्र टिंबाला लागूनच सुरू होत असेल तर एवढं लक्षात ठेवा: चक्रात जितके अंक, छेदात तितके नऊ. ०.३३३... चं ३/९, म्हणजे १/३.

चक्र जरा पुढे सुरू होत असेल तर? तिथे जळगावच्या सराफ बाजाराचं उदाहरण घेऊ. शुद्ध सोनं २४ कॅरेट धरलं की २२ कॅरेटचा दागिना म्हणजे २२/२४, संक्षिप्त केलं की ११/१२. भागाकार केला की ०.९१६६६... येतो. आता उलट या. क्ष = ०.९१६६६... १००० क्ष = ९१६.६६६..., १०० क्ष = ९१.६६६... वजा करा: ९०० क्ष = ८२५. क्ष = ८२५/९००, ७५ नं भागा, ११/१२. जिथून निघालो तिथेच परत आलो. आधी चक्र टिंबाशी आणायचं (१०० नं गुणून), मग एक चक्र पुढे सरकवायचं (१००० नं गुणून), मग वजाबाकी.

दागिन्यावर हॉलमार्क असतो तो ९१६. म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं: ९१६/१०००, संक्षिप्त रूप २२९/२५०. ११/१२ आणि २२९/२५० एकच नाहीत. दहा ग्रॅमला हा फरक साधारण पावणेसात मिलिग्रॅम पडतो. १८ कॅरेट म्हणजे १८/२४ = ३/४, म्हणून ७५० चोख बसतो. २० कॅरेटचा ५/६, ०.८३३३..., शिक्का ८३३. १४ कॅरेटचा ७/१२, ०.५८३३..., पण शिक्का ५८५. म्हणजे कॅरेटचा अपूर्णांक आणि शिक्क्यावरचा हजारातला आकडा हे दोन वेगळे मानदंड आहेत. हिशेब करताना शिक्क्यावरचाच आकडा धरा.

७/१२ वरून आठवलं. शेतकऱ्याच्या घरात 'सात छेद बारा' म्हटलं की सातबाराच समोर येतो. तिथली रेघ भागाकाराची नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र, एवढाच तिचा अर्थ. आकडे, मधे रेघ आणि तरी अपूर्णांक नाही, हे मुलांना दाखवण्यासारखं आहे.

आकडा तोडण्याबद्दलही इथेच सांगतो. कापसातून रुईचा उतारा साधारण एक तृतीयांश धरतात. ९० क्विंटल कापसाचा तिसरा हिस्सा ३० क्विंटल. पण कोणी १/३ ऐवजी आधीच ०.३३ लिहिलं तर ९० × ०.३३ = २९.७. तीस किलो रुई कागदावरून गेली. म्हणून छेदात ३, ७, ११ असं काही असेल तर शेवटपर्यंत अपूर्णांकच ठेवा आणि दशांश फक्त शेवटच्या ओळीत करा.

टिंब दिसतं, पण छेद दहाचा नसतो

आता ओसरीवरच्या हिशेबाकडे. आपल्याकडे चार ठिकाणी टिंब खोटं बोलतं.

जमिनीत एकर-गुंठे लिहिताना छेद ४० असतो. एक एकर तीस गुंठे = १ ३०/४० = १ ३/४ = १.७५ एकर. एक एकर पंचवीस गुंठे = १ २५/४० = १.६२५. आता मोबाइलवर बेरीज करा: ३.३७५. आणि परत गुंठ्यांत आणायचं तर टिंबानंतरचा भाग ४० नं गुणा: ०.३७५ × ४० = १५. तीन एकर पंधरा गुंठे. काका बरोबर होते.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये असतं. १ हेक्टरचे १०० आर, १ आरचे १०० चौरस मीटर. दोन्ही पायऱ्या शंभराच्या, म्हणून तिथलं टिंब खरं बोलतं. १.३६.५९ असं लिहिलेलं असेल तर दुसरं टिंब काढा, १.३६५९ हेक्टर. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर; ३.३७५ ला त्यानं गुणलं की हाच आकडा येतो. पण आर आणि गुंठा एकच समजू नका: एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे आरपेक्षा थोडा मोठा. आणि हेक्टर-आरची सवय एकर-गुंठ्यांना लावू नका, सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

फूट-इंचात छेद १२. पाच फूट दहा इंच हे ५.१० लिहिलं तर ते ५.९ पेक्षा लहान दिसतं, आणि नऊ इंचवाला मुलगा दहा इंचवाल्यापेक्षा उंच ठरतो. खरा आकडा ५ १०/१२ = ५.८३.

वेळेत छेद ६०. रात्रीची वीज दोन तास वीस मिनिटं होती आणि पाच हॉर्सपॉवरची मोटार चालली, तर ती २.२० तास नव्हे, २ २०/६० = २.३३ तास चालली. एक हॉर्सपॉवर ०.७४६ किलोवॅट, पाचाचे ३.७३. खरा हिशेब सुमारे ८.७ युनिटचा, चुकीचा ८.२ चा. एका रात्रीत अर्ध्या युनिटचा फरक.

क्रिकेटमध्ये छेद ६. ७.३ षटकं म्हणजे सात षटकं तीन चेंडू, ७ ३/६, साडेसात. ६० धावा झाल्या असतील तर गती बरोबर ८, ७.३ नं भागलं तर ८.२२ येते. मुलांना चारही उदाहरणांत हे सगळ्यात आधी पटतं, म्हणून सुरुवात इथून करा आणि मग जमिनीकडे या.

हवा तो छेद मिळवणं: सूत आणि मिलिमीटर

गवंडी, सुतार, लोहार इंचाचे आठ भाग करतात, एक भाग म्हणजे एक सूत, १/८ इंच, ०.१२५. चार सूत म्हणजे अर्धा इंच. सळई मात्र आता मिलिमीटरवर येते. दुकानदार १० एमएम म्हणतो आणि मिस्त्री तीन सूत म्हणतो, तर मधला दुवा काय?

इंचाचे २५.४ मिलिमीटर. १० ÷ २५.४ = ०.३९३७ इंच. आता याचे आठवे भाग किती? दशांशाला हव्या त्या छेदानं गुणा: ०.३९३७ × ८ = ३.१५. जवळचा पूर्णांक ३. म्हणून तीन सूत. १६ एमएम घ्या: ०.६२९९ × ८ = ५.०४, पाच सूत. १२ एमएमचं ३.७८ येतं, म्हणून चार सूत. ही गुणाकाराची युक्ती कुठेही चालते: ०.७ इंच सुतात ५.६ येतं, पाच-सहाच्या मध्येच राहतं. अर्ध्या सुतानं मोजायचं तर १६ नं गुणा, ११.२ येतं, म्हणजे ११/१६ इंच, साडेपाच सूत.

छेद माहीतच नसेल तेव्हा

कॅल्क्युलेटरवर ०.५८३३३ दिसतंय आणि मूळ अपूर्णांक कोणता होता ते हवंय. चक्र स्पष्ट दिसत असेल तर वरची वजाबाकी आहेच. दिसत नसेल, किंवा आकडा तोडलेला असेल, तर १ ला त्या संख्येनं भागत जा.

१ ÷ ०.५८३३३ = १.७१४३. पूर्णांक १ टिपून ठेवा, उरलं ०.७१४३.
१ ÷ ०.७१४३ = १.४. पूर्णांक १, उरलं ०.४.
१ ÷ ०.४ = २.५. पूर्णांक २, उरलं ०.५.
१ ÷ ०.५ = २. संपलं.

आता खालून वर या. शेवटचा २ उलटा करा, १/२. त्यावरच्या २ मध्ये मिळवा: ५/२. उलटा करा, २/५, वरच्या १ मध्ये मिळवा: ७/५. उलटा करा, ५/७, सगळ्यात वरच्या १ मध्ये मिळवा: १२/७. शेवटचं एकदा उलटं: ७/१२. चौदा कॅरेट सापडले.

हीच रीत ३.१४१६ ला लावून बघा. ३ बाजूला. १ ÷ ०.१४१६ = ७.०६, जवळपास ७. म्हणून ३ १/७, म्हणजे २२/७. शाळेत पायसाठी वापरतो तो अपूर्णांक इथून बाहेर पडतो. याचा आपल्या मातीशी जवळचा संबंध आहे. चाळीसगावजवळ पाटणच्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ स्थापला. त्या ग्रंथांतली लीलावती बाराव्या शतकातली. तिच्यात परीघ काढायला दोन अपूर्णांक दिले आहेत: ३९२७/१२५०, ज्याला सूक्ष्म म्हटलंय, आणि २२/७, ज्याला स्थूल पण व्यवहाराला योग्य म्हटलंय. आता छेदाची कसोटी लावा. १२५० म्हणजे २ × ५ × ५ × ५ × ५, पाच चार वेळा, म्हणून चार अंकांत संपलाच पाहिजे: ३.१४१६, एक अंक जास्त ना कमी. ७ मात्र संपत नाही: ३.१४२८५७१४२८५७...

व्यवहाराला योग्य म्हणजे किती योग्य, ते विहिरीवर मोजून बघू. वीस फूट व्यासाच्या विहिरीचा परीघ २२/७ नं ६२.८५७ फूट, ३.१४१६ नं ६२.८३२ फूट. फरक ०.०२५ फूट, १२ नं गुणा, ०.३ इंच, ८ नं गुणा, २.४. अडीच सूतही नाही. कठडा बांधणाऱ्याला २२/७ पुरतो.

हातानं करून बघा

पाच गणितं देतो, कॅल्क्युलेटर फक्त पडताळ्यासाठी. (१) ०.६८७५ रुपया म्हणजे किती आणे? (२) दोन एकर अठरा गुंठे दशांशात किती एकर? (३) ०.४५४५४५... चा अपूर्णांक काय? (४) २१/२८ चा दशांश संपेल का? (५) ३.०२५ एकर म्हणजे किती एकर किती गुंठे?

उत्तरं: (१) १६ नं गुणा, अकरा आणे. (२) १८/४० = ०.४५, म्हणून २.४५ एकर. (३) ४५/९९ = ५/११. (४) संपेल, छेदात ७ दिसतो, पण संक्षिप्त केल्यावर ३/४ उरतो, ०.७५. (५) ०.०२५ × ४० = १, म्हणून तीन एकर एक गुंठा. पाचव्यात कोणी अडीच गुंठे लिहिले असतील तर त्यानं ०.०२५ ला ४० ऐवजी १०० नं गुणलंय.